चार पडदे खाली

अलुमिता पहिल्यांदा गायली ती लाउतोकाच्या साखर कारखान्यात, बॉयलरच्या मागच्या अंगणात, ग्रीसच्या पालथ्या डब्यावर उभी राहून. एकोणिसशे एकोणसत्तर साल, गाळप संपल्याचा शनिवार, दुपारचे तीन. ती सात वर्षांची होती. तिचा बाप सेमेसा भट्टीवर कामाला होता. तो माझा सख्खा मामा. मी तिथेच फिटर होतो, वय बावीस, आणि कारखान्याच्या बँडमध्ये दुसरी गिटार वाजवायचो. पहिली गिटार तिच्या थोरल्या भावाची, एरोनीची.

गाणं मामाने रचलेलं होतं. खेकडा बिळात गेला, कोंबडी झाडावर बसली, माझा बाबा अजून भट्टीपाशी. बस, एवढंच. तीन कडवी. यांगोनाच्या, म्हणजे आमच्या मुळीच्या पेयाच्या, परातीभोवती बसलेली माणसं वाट्या हातात धरून थांबली. ज्यांना वाफेने भाजताना ओरडलेलं मी ऐकलं नव्हतं, ती माणसं स्वतःच्या पायांकडे बघत बसली. मग बायका उठल्या आणि गाणं आवडलं की करायच्या आमच्या रीतीप्रमाणे तिच्या गालांना, मानेला पावडर फासू लागल्या. दोन डबे संपले. पोरीचे फक्त डोळे दिसत होते.

लोक म्हणतात, तिचा आवाज देवाने दिला. देवाने दिला असेल. पण मामा तिला रोज संध्याकाळी बॉयलरच्या भिंतीकडे तोंड करून उभी करायचा आणि एकेक ओळ वीस वेळा म्हणून घ्यायचा. यंत्रं चालू असायची. त्या आवाजातून शब्द त्याच्या कानापर्यंत पोचला नाही, तर पुन्हा वीस.

"गोड नको," तो म्हणायचा. "स्वच्छ हवं. गोड करायला आपण साखर बनवतोच."

त्याच वर्षी आम्ही तिला बसने राजधानीला, सुवाला नेलं, रेडिओवर. निवेदकाने नाव विचारलं. मामा म्हणाला, अलुमिता. निवेदक म्हणाला, पुढे काय? मामाला वाटलं, कुठली मुलगी ते विचारतायत. त्याने हाताने उंची दाखवली. "लाइलाइ." म्हणजे ही, लहानी. निवेदकाने तेच नाव हवेत सोडलं, आणि त्या दिवसापासून सगळ्या बेटांवर ती अलुमिता लाइलाइ झाली. चाळीस वर्षांची झाली, केस पिकले, तीन मुलं झाली, तरी लहानी ती लहानीच.

ती तेरा वर्षांची झाली तसं एरोनीने तिच्याशी बोलणं थांबवलं. भांडण नव्हतं. आमच्याकडे वयात आलेली बहीण आणि भाऊ समोरासमोर बोलत नाहीत, एकमेकांकडे रोखून बघत नाहीत. तो मान आहे. मी मात्र आत्याचा मुलगा, म्हणजे तिची चेष्टा करायचा मला हक्क, आणि तिला माझी. त्यामुळे बँडमध्ये माझी दोन कामं झाली. एक दुसरी गिटार. दुसरं हे:

"तिला सांग," एरोनी तारांकडे बघत म्हणायचा, "दुसरं कडवं घाईने उचलते."

ती हातभर अंतरावर. "त्याला सांग, मी वेळेवर उचलते. तोच मागून येतो, म्हाताऱ्या बैलासारखा."

"दोघांनी ऐकलंय," मी म्हणायचो. "आता मी काय सांगू?"

"सांग तू," ती म्हणायची. "तुला दुसरं येतं काय? गिटार तर येत नाही."

ते दिवस चांगले होते. सहा महिने गाळप, सहा महिने गाणं. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, लग्नांत, चर्चच्या आवारात, बोटीने लांबच्या बेटांवर. एक्याऐंशी साली तिची पहिली कॅसेट निघाली. ज्या बसमध्ये चढावं त्या बसमध्ये ती वाजत होती. पण कुठेही गेलं, नवी दहा गाणी गायली, तरी शेवटी लोक एकच ओरडायचे. खेकडा! लाइलाइ, खेकडा! आणि ती तो गायची, सातव्या वर्षी गायली त्याच उंचीवर. त्याचाच तिला अभिमान होता. आवाज पिकला नाही म्हणून नाव टिकलं, असं ती धरून होती.

शहाऐंशी साली, दुसऱ्या बाळंतपणानंतर, तिसऱ्या कडव्यात वरच्या जागेवर तिचा आवाज फाटला. लोकांना कळलं नाही, तिने खोकला काढून निभावलं. आम्हाला कळलं. एरोनी म्हणाला, "तिला सांग, एक पडदा खाली घेऊ." पडदा म्हणजे गिटारीच्या दांडीवरची एक पट्टी, अर्धा स्वर.

मी सांगितलं. चेष्टेत सांगितलं, ही माझी चूक. ती केळीच्या पानावरचा मासा माझ्या पुढ्यातून उचलून म्हणाली, "खाली तू जा. लाइलाइ जिथून गाते तिथूनच गाणार. तिथून उतरले की मी कोण?"

दुसरा भाऊ असता तर त्याने बहिणीसमोर बसून समजावलं असतं. एरोनीला ते शक्य नव्हतं. त्याने खुंट्यांना हात घातला. पुढच्या शनिवारी दोन्ही गिटारी आणि चार तारांची छोटी उकुलेली अर्धा स्वर उतरवून लावल्या. बोटं त्याच जागी, पडदे तेच, फक्त सगळं वाद्यच एक पायरी खाली. ती गायली. आवाज फाटला नाही. गाडीत बसताना मला म्हणाली, "बघितलंस? थकवा होता, दुसरं काही नाही."

नव्वद साली दुसरा पडदा उतरवला. पंच्याण्णवमध्ये तिसरा. दोन हजार तीनमध्ये चौथा.

हे सोपं काम नाही. तार सैल केली की ती पडद्यांवर आपटते, खरखरते. मी जाड तारा आणल्या, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी उंच केली. पितळेचा तुकडा कानशीने घासून बसवला, एकेका तारेखाली कागदाची जाडी मोजून. उकुलेलीला मासेमारीच्या गळाचा दोरा लावला, तीन जाडीचे आजमावून. कुठेही खरखर येऊ दिली नाही. काम चोख होतं. आता वाटतं, थोडं कमी चोख केलं असतं तर बरं झालं असतं.

ब्याण्णव साली ती तिचं कॅसेटचं यंत्र घेऊन माझ्या घरी आली. "हे पळतंय रे. माझीच कॅसेट मला उंच ऐकू येते."

मी ते उघडलं. मोटरच्या पाठीवर एक बारीक भोक असतं, त्यात स्क्रू. मी तो फिरवत गेलो, कॅसेट आमच्या उतरवलेल्या गिटारीशी जुळेपर्यंत. तिने ऐकलं. "आता बरोबर. पण मी जरा जाड वाटते, नाही?"

"कॅसेट जुनी झाली," मी म्हणालो.

"तूही झालास," ती म्हणाली आणि यंत्र काखेत मारून गेली. मी स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून बसून राहिलो.

खरं नुकसान शहाण्णव साली झालं. सुवाहून विलिसोनी नावाचा एक गाणी रचणारा माणूस आला. तिच्या घरी जेवायला बसलो होतो. ती आत नारळ खवताना गुणगुणत होती, खालच्या आवाजात, स्वतःशीच. त्याचा घास थांबला. ती बाहेर आली तसा तो म्हणाला, "ताई, या आवाजात अख्खी कॅसेट करू. संथ गाणी. सगळी नवी. असा आवाज मी या बेटांवर ऐकला नाही."

ती हसली. "तो नारळ खवायचा आवाज आहे, दादा. तिथून लाइलाइ गात नाही. माझी वरची जागा जाईल त्या दिवशी तुम्हाला निरोप पाठवीन."

वरची जागा दहा वर्षांपूर्वी गेली होती. मला माहीत होतं. मी खाली मान घालून मासा खात होतो. विलिसोनी दोन वेळा पुन्हा आला, मग ऑकलंडला राहायला गेला, तिकडेच वारला.

दोन हजार नऊमध्ये, मी निवृत्त होऊन सात वर्षं झाल्यावर, रेडिओवाल्यांना एकोणसत्तर साली तिथे भरलेली खेकड्याच्या गाण्याची टेप सापडली. त्यांनी ठरवलं, साखरेच्या जत्रेत टेपवरची सात वर्षांची लाइलाइ आणि मंचावरची सत्तेचाळीस वर्षांची लाइलाइ एकत्र गाणार. अलुमिता हरखली. गल्लीभर सांगत सुटली. एरोनी मात्र संध्याकाळी माझ्याकडे आला तो तोंड पाडून.

"मेव्हण्या," तो म्हणाला; आमच्याकडे आते-मामे भाऊ एकमेकांना अशीच हाक मारतात. "टेप मूळ जागेवर आहे."

"मला माहीत आहे."

"चार पडदे. ती तोंड उघडेल आणि भर मैदानात... टेप हळू चालवता येईल का? तू ते यंत्र केलं होतंस तसं?"

"पोर म्हाताऱ्यासारखी ऐकू येईल. आणि मी ते पुन्हा करणार नाही."

"मग तिला सांगायला हवं."

"सांग."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला विस्तवावरून चालायला सांगितलं. साठीला टेकलेला माणूस. तेवीस वर्षं त्याने बहिणीची काळजी घेतली ती अशी, खुंट्या पिळून, आणि तोंडाने एक शब्द बोलू शकला नाही. म्हणून मीच गेलो.

ती दारात बसून कसावा सोलत होती. मी चेष्टा केली नाही, त्यावरूनच तिला कळलं.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही." मग मी सांगितलं. साल, पडदा. साल, पडदा. घोडी, तारा, मोटरचा स्क्रू. काही ठेवलं नाही.

ती सोलत राहिली. दोन कसावे संपले.

"विलिसोनी आला तेव्हा किती उतरवले होते?"

"तीन."

"तू तिथे बसला होतास."

"हो."

"मासा खात होतास."

"हो."

तिने सुरी खाली ठेवली. रडली नाही. म्हणाली, "मी त्या माणसाला तीनदा परत पाठवलं. तेरा वर्षं मी नारळ खवताना गायले. लोकांसमोर गायले नाही. कशासाठी, तर जे माझ्याकडे नव्हतंच ते जपण्यासाठी." मग म्हणाली, "त्याला सांग, शनिवारी गिटारी मूळ जागेवर हव्यात. चारही पडदे वर."

"तुला तिथे गाता येणार नाही."

"मी तुला विचारलं का? तेवीस वर्षं तुम्ही मला विचारलं नाहीत."

शुक्रवार पूर्ण त्यात गेला. पितळेचे तुकडे काढले, घोड्या पुन्हा खाली बसवल्या, बारीक तारा चढवल्या. एरोनीची गिटार जुनी, ताण वाढला तशी तिची पाठ करकरली. आम्ही दर तासाला थोडं थोडं चढवलं.

शनिवारी दुपारी मैदान भरलं होतं. टेप सुरू झाली. खेकडा बिळात गेला. तो आवाज आला आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका उभ्याच राहिल्या. आम्ही साथ धरली, चाळीस वर्षांपूर्वीच्या जागेवर. अलुमिता माईकसमोर नुसती उभी. पहिलं कडवं संपलं, ती गायली नाही. लोकांत कुजबुज सुरू झाली. विसरली वाटतं. आजारी आहे वाटतं. एरोनीचा ताल सुटला नाही.

दुसऱ्या कडव्याला ती आत आली. वरून नाही. आमच्याकडे पुरुष मागे बसून जो सर्वांत खालचा सूर धरतात, तो तिने धरला. पोरगी वर गात होती आणि ही तिच्याखाली जमीन घालत गेली. मोठ्याने नाही, स्वच्छ. शेवटपर्यंत एकही ओळ तिने पोरीच्या वर जाऊ दिली नाही.

टेप संपली. लोक ओरडू लागले, पुन्हा! लाइलाइ, पुन्हा!

ती माझ्याकडे वळली. माईक समोरच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "त्याला सांग, आता खुंट्या सोड. इथेच, सगळ्यांसमोर. मी सांगेन तिथपर्यंत."

मी सांगितलं नाही. त्याने ऐकलं होतं. त्याने एक पडदा उतरवला, मी उतरवला. ती गुणगुणली, मान हलवली. दुसरा. तिसरा. चौथा झाला आणि एरोनीचा हात आपोआप थांबला.

"त्याला विचार," ती म्हणाली, "तो का थांबला?"

लोक हसले. का हसले ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पाचवा उतरवला. तारा पार सैल, खरखरायला लागल्या. कसल्या जाड तारा आणि कसलं पितळ, ते सगळं घरी होतं. ती पुन्हा गुणगुणली आणि तिने तळहात वर केला. बस.

"कुठलं घेणार?" मी विचारलं.

"तू साथ धर. कळेल."

ते गाणं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. संथ होतं, नारळ खवतानाच्या त्याच आवाजातलं. पहिल्या कडव्यात माझ्या तीन चुका झाल्या. एरोनीची एकही झाली नाही. तो तिच्या तोंडाकडे बघून वाजवत होता.