दर रविवारी एक चूक

सत्तावीस वर्षं मी सात रस्त्याजवळच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवल्या. कुलदेवतेला सगळ्यात वर बसवायचं, वधूवरांची नावं मोठी करायची, मामांची नावं एकाच ओळीत कोंबायची आणि तरी कुणाला कोंबल्यासारखं वाटू द्यायचं नाही, हे माझं कसब. मग लोक निमंत्रणं मोबाईलवर धाडायला लागले. मालकांनी एक दिवस शटर ओढलं ते ओढलंच, आणि बावन्नाव्या वर्षी मी घरी बसलो.

घरी बसलो म्हणजे एकटाच बसलो. बायको सहा महिन्यांपासून माहेरी, वळसंगला होती. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि त्यांना कूस बदलायलाही माणूस लागायचं. मुलगी पुण्यात, वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत. तिचा फोन यायचा, पण तो हजेरी घेतल्यासारखा. जेवलात का, गोळी घेतली का, आईचं काय. तीन प्रश्न, तीन उत्तरं, की फोन बंद. एकदा मी तिला धीर करून विचारलं, की तू दिवसभर करतेस काय नेमकं? ती म्हणाली, पानं सजवते. मी म्हटलं, मग मीही तेच करत होतो की. ती हसली. आणि दुसऱ्याच दिवशी तिचा जुना लॅपटॉप कुरियरने आला. सोबत निरोप, की सीएसएस शिका, पण वाचून येत नाही, हाताने करून येतं. दर आठवड्याला एक पान बनवायचं आणि रविवारी अकराला मला दाखवायचं.

आता सीएसएस म्हणजे काय, तर वेबपानावर कुठला मजकूर कुठं बसणार, किती मोठा दिसणार, कुठल्या रंगाचा, हे सांगणाऱ्या सूचना. मला वाटलं, हे तर आपल्या हातचं काम. छापखान्यात एक बटण दाबलं की मजकूर मधोमध यायचा. इथं एक चौकोन पानाच्या मधोमध आणायला मला चार दिवस लागले. चौकोन डाव्या कडेला असा चिकटून बसायचा, जसा लग्नात रुसलेला मामा मांडवाच्या खांबाला. शेवटी मुलीने सांगितलं, की आधी त्याची रुंदी ठरवा, मग दोन्ही बाजूंची मोकळी जागा आपोआप सारखी वाटली जाते. तसं केलं आणि चौकोन मधोमध आला. मी घरभर नजर फिरवली. एका बाजूला पुणे, एका बाजूला वळसंग, मधे मी. म्हटलं, हे आपल्याला आधीच जमलेलं होतं.

पहिलं पान मी माझ्याच नावाचं केलं. दुसरं, बायको नसल्यामुळे ज्या खानावळीत जेवायचो तिथल्या जेवणाचं, फोटो काढून: कडक भाकरी, शेंगाची चटणी, पिठलं, गुरुवारी पुरणपोळी. खानावळवाल्या मावशींना मोठ्या हौसेने फोनवर दाखवलं. त्यांनी हात पुसत पुसत पाहिलं आणि म्हणाल्या, "झ्याक हाय की. पर भाकरी थंड व्हायलीय, ती आदी खावा."

मुलीबरोबरचे रविवार मात्र खरे होते. ती पुण्यातून माझ्या लॅपटॉपचा पडदा बघायची आणि मी माउसचा बाण ठेवून दाखवायचो. पहिल्या रविवारी एका सूचनेच्या शेवटी सेमीकोलन, म्हणजे अर्धविराम, द्यायचा राहिला होता आणि पुढचा रंग लागतच नव्हता. ती समजावत बसली, मग ऑफिसातली एक गंमत निघाली, मग तिच्या घरमालकिणीची. पस्तीस मिनिटं झाली. दुसऱ्या रविवारी माझं पान बिनचूक होतं. ती म्हणाली, "छान झालंय, पप्पा." सहा मिनिटांत फोन संपला.

तिसऱ्या रविवारपासून मी एक चूक मुद्दाम ठेवायला लागलो.

सांगायला लाज वाटते, पण त्यातही मी तरबेज झालो. एक सेमीकोलन गाळला की चार मिनिटं. महिरपी कंस बंद करायचा राहिला की आठ, कारण त्याच्याखालचं सगळंच कोलमडतं. एक चौकोन दुसऱ्यावर चढलेला ठेवला तर पाऊण तासाची निश्चिंती. चूक सापडली की "अगं, हो की!" असं म्हणायचं, तेही मी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. ज्या माणसाने सत्तावीस वर्षं एकाही पत्रिकेत अनुस्वार सुटू दिला नाही, तो आता शनिवारी दुपारी बसून कुठली चूक करावी याचा विचार करत होता.

नवव्या की दहाव्या आठवड्याला ती म्हणाली, की आता तुमच्या कामातलंच काहीतरी करा. माझ्या कामातलं म्हणजे दुसरं काय असणार? मी पत्रिका घेतली. हळदीच्या रंगाची पार्श्वभूमी, कुंकवाच्या रंगाचा दुहेरी काठ. सगळं जमलं, पण ओळींची उंची जमेना. खालच्या ओळीतली वेलांटी वरच्या ओळीतल्या उकाराला टेकायची. ते तपासायला असं नाव हवं होतं, की ज्याला वर वेलांटी आहे आणि खाली उकार आहे. असं नाव माझ्या घरातच होतं. मी मुलीचं नाव टाकलं.

छापखान्यात मालकांचा एक दंडक होता: नमुन्याच्या पत्रिकेत घरातलं नाव घालायचं नाही. नमुन्यातलं लग्न लागत नाही, म्हणायचे. मीही तो दंडक सत्तावीस वर्षं पाळला होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या गाडीत चढताना मुलीने माझ्याकडे एक शब्द मागितला होता. सात वेळा चहापोहे झाले होते. ती म्हणाली होती, की पप्पा, लग्नाचा विषय मी काढेन तेव्हाच निघेल, तुम्ही काढणार नाही असं सांगा. मी सांगितलं होतं, आणि दोन वर्षं खरंच काढला नव्हता.

वेलांटी आणि उकाराचं कारण खरं आहे. पण तिचं नाव मोठ्या अक्षरात, कुंकवाच्या रंगात, मधोमध आलं तेव्हा मी बराच वेळ त्याकडे बघत राहिलो, हेही खरं आहे. वराच्या जागी टिंबं दिली. मुहूर्ताशिवाय पत्रिका बोडकी दिसते म्हणून पंचांग काढून एक मुहूर्तही टाकला. हात कामाला लागला की डोकं रजेवर जातं, तसं झालं.

मुलीचा आणखी एक नियम होता, की आपल्या फोनवर सगळं चांगलंच दिसतं, दुसऱ्याच्या फोनवर बघा. म्हणून मी पान नेटवर चढवलं आणि त्याची लिंक थोरल्या बहिणीला पाठवली. लिहिलं, मोबाईलवर नीट दिसते का बघ. बहिणीने हात जोडल्याची सहा चित्रं पाठवली आणि पत्रिका आख्ख्या भावकीच्या ग्रुपवर टाकून दिली.

मी खानावळीत होतो. परत येईपर्यंत फोनवर अभिनंदनांचा ढीग. वराच्या जागी टिंबं बघून लोकांनी आपापल्या परीने मुलगा ठरवूनही टाकला होता. एकाच्या मते तो परजातीचा होता, एकाच्या मते परदेशातला. एक चुलतभाऊ तर मला न विचारता ठरवलं म्हणून रुसलासुद्धा. तोवर बायकोचा फोन आला. एरवी ती माझ्याशी शहरी बोलते. रागावली की वळसंगची होते.

"तुमी काय करून बसलाय, ठाव हाय का? किती दिसांनी आईनं अर्धी भाकरी खाल्ली आज. लुगडं काढून ठेव म्हनली. आता तिला मी न्हाय सांगनार. तुमीच यायचं हितं आन् तुमीच सांगायचं."

मुलीचा फोन त्यानंतर आला, ऑफिसच्या जिन्यातून. आवाज घुमत होता. मी वेलांटीचं सांगायला सुरुवात केली. तिने ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "ही पण मुद्दाम ठेवलेली चूक का, पप्पा?"

मी वेलांटी तिथंच सोडली.

"दर रविवारी बरोबर एकच चूक कशी राहते? मला पाचव्या-सहाव्या आठवड्यातच कळलं होतं. म्हटलं, असू दे, बोलायचं असतं तुम्हाला. मलाही बरं वाटायचं. पण हे नाही, पप्पा. हे नाही करायचं."

नाही गं, ही खरी चूक आहे, असं मी म्हणालो. पण इतक्या रविवारच्या "अगं, हो की!" नंतर माझ्या खऱ्या चुकीवर तिने विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? ती म्हणाली, मी कामात आहे. फोन बंद झाला.

पान मी त्याच मिनिटाला काढून टाकलं. मग वही घेऊन बसलो आणि भावकीतल्या एकेकाला फोन केला. लग्न नाही, मी शिकत होतो, चूक माझी. कुणी हसलं, कुणी "असं कसं" म्हणून पुन्हा पहिल्यापासून विचारलं. एका वहिनींनी दबक्या आवाजात, मोडलं का, म्हणून विचारलं. बहिणीने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग पोरीचं नाव कशाला घातलंस, येड्या?" एवढ्या फोनांमध्ये नेमका प्रश्न हा एकच होता आणि त्याचं उत्तर मी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वळसंगची एसटी धरली. सासूबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. केस विंचरलेले. बायको दारातच उभी राहिली, मदतीला आली नाही. मी खाटेच्या कडेला बसलो आणि लग्न नसल्याचं सांगितलं. संगणक, नमुना, असलं काही सांगायच्या फंदात पडलो नाही. सासूबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"लगीन न्हाय तर न्हाय," त्या म्हणाल्या. "पोरगी कवा येतीया, त्ये सांगा."

तेही मला माहीत नव्हतं. ती कधी येणार हे मी तिला किती महिन्यांत विचारलं नव्हतं, तेही आठवेना. आम्ही बोलायचो ते सेमीकोलनवर.

त्यानंतरचे तीन रविवार तिचा फोन आला नाही. मी साडेदहाला दाढी करून, केस विंचरून लॅपटॉपसमोर बसायचो, त्याचं चार्जिंग पुरेल ना हे बघायचो आणि बाराला उठून खानावळीत जायचो. मावशी एकदा म्हणाल्या, की आज फोटो न्हाय काढला जेवनाचा? मी म्हटलं, आज जेवायलाच आलोय. मी स्वतःहून फोन का केला नाही, हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हातात चूक नसताना तिला फोन करायची सवयच राहिली नव्हती.

दर शनिवारी मात्र वळसंगला जायला लागलो. सासूबाईंची एक कूस बायकोने बदलायची, दुसरी मी. एसटीच्या वेळा लक्षात राहीनात, म्हणून चौथ्या आठवड्यात मी त्यांचंच एक पान केलं. जायच्या गाड्या, यायच्या गाड्या, कुठली वाटेत थांबते, कुठली भरून येते. एकाआड एका ओळीला फिकट रंग. हे पान कुणाला दाखवायचं नव्हतं, म्हणून त्यात एकही चूक ठेवली नव्हती.

रविवारी अकराला मी त्याच्यासमोर बसलो होतो. मग मनात आलं, एक सेमीकोलन गाळावा आणि फोन लावावा, की बाई, रंग लागत नाही. गाळलाही. फिकट रंग गेला, तक्ता उघडाबोडका दिसायला लागला. थोडा वेळ तसाच बसलो. मग सेमीकोलन परत टाकला आणि फोन लावला.

तिने उचलला. मागे कुकरची शिट्टी झाली.

"काय अडलंय?" ती म्हणाली.

"काही नाही अडलं."

"मग?"

"मग काही नाही. फोन केला."

 दुसरी शिट्टी झाली, तिने गॅस बारीक केल्याचा आवाज आला. मी आजीचं सांगितलं. आता त्या काठी धरून चार पावलं टाकतात, आणि तू कधी येतेस म्हणून विचारत होत्या. मी त्यांना काय सांगितलं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही असं सांगितलं. लग्नाच्या पत्रिकेत तिचं नाव मला बघायचं होतं, हेही सांगून टाकलं. वेलांटीबरोबर तेही होतं. ती "हं" म्हणाली. रागाचं होतं की नाही, ते कळलं नाही. फोन मात्र कुणी ठेवला नाही.

"सध्या काही करताय का?" तिने शेवटी विचारलं.

एसटीच्या पानाचं मी सांगितलं आणि तिने मागितली म्हणून लिंक पाठवली. तिकडे ती बघत असावी. बोटांचा आवाज येत होता.

"पप्पा, हे माझ्या फोनवर उजवीकडे सरकतंय. तक्ता पडद्याबाहेर जातोय. शेवटची गाडी दिसतच नाही."

"खरंच?"

"खरंच. हे मुद्दाम आहे का?"

"नाही. हे मला येतच नाही."

ती हसली. फार नाही, नाकातून निसटतं तेवढंच. म्हणाली, की लगेच सांगणार नाही, तुम्हीच शोधा. मग कुकर उतरवायचा म्हणून तिने फोन ठेवला. अकरा मिनिटं झाली होती. कधी येणार, ते सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

दोष सापडायला मंगळवार उजाडला. चार दिवस तो तसाच ठेवून रविवारी विचारता आला असता, पण दुरुस्त करून टाकला. शनिवारी वळसंगहून परतताना गर्दीत उभं राहून माझ्या तडकलेल्या फोनवर तेच पान उघडून पाहिलं. सगळ्या गाड्या पडद्यात मावत होत्या. आता उद्या अकराला सांगायला माझ्याकडे काहीच नाही. पोरगी कवा येतीया, असं सासूबाईंनी आज परत विचारलं, तेवढं सांगेन.