तीन, दोन, दोन

माझं काम कान तपासण्याचं. ओहायोतल्या एका दवाखान्यात काचेच्या खिडकीच्या अलीकडे मी बसायचे आणि पलीकडे, बाहेरचा आवाज आत न येणाऱ्या खोलीत, हेडफोन लावून पेशंट. मी बटण दाबलं की त्याच्या कानात सूर वाजायचा. तो ऐकू आला की त्यानं हातातलं बटण दाबायचं, आणि माझ्यासमोर एक छोटा दिवा लागायचा. सूर बारीक बारीक करत न्यायचा, दिवा लागेनासा होईपर्यंत. एवढंच शास्त्र. बाकी सगळा चिकटपणा, आणि तो माझ्यात भरपूर होता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एक दिवस तिथे पन्नाशीचे एक उंच कृष्णवर्णीय गृहस्थ आले. भर उन्हाळ्यात कोट, पायांत चकचकीत बूट. फॉर्मवर व्यवसाय लिहिला होता, रेकॉर्ड प्रोड्यूसर. मला वाटलं, तबकड्यांचा कारखाना असेल. तसं विचारलंही. ते खो खो हसले.

"कारखाना नाही, मॅम. गाणारे गातात, वाजवणारे वाजवतात. कुणी कुठे थांबायचं, ते मी सांगतो."

थांबायचं सांगण्याचेही पैसे मिळतात हे मला नवीन होतं. कान राहिले बाजूला, मी प्रश्नच विचारत सुटले. शाळेच्या बँडमध्ये ते ट्रॉम्बोन वाजवायचे. नंतर मोटारीच्या काचांच्या कारखान्यात नोकरी, आणि सुटीच्या दिवशी चर्चमधल्या गायिकांना गॅरेजमध्ये जमवून ध्वनिमुद्रण. त्यातलं एक गाणं रेडिओवर वाजलं आणि नोकरी सुटली. पुढची वीस वर्षं सोल आणि फंक. सोल म्हणजे चर्चमधली आळवणी प्रेमाच्या गाण्यात आणलेली, आणि फंक म्हणजे खुर्चीत बसू न देणारा ठेका, असं त्यांनी मला समजावलं. मग मुद्द्यावर आले. शेवटच्या दोन तबकड्या कानाला टोचतात अशी कंपनीची तक्रार होती. ह्यांचं म्हणणं, दोष तबकडी छापणाऱ्यांचा. कान उत्तम असल्याचा कागद दाखवला तर पुढची तबकडी ह्यांची, नाहीतर ती यंत्रावर ढोल वाजवणाऱ्या एका तरुणाला जाणार होती. मी मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. पण तपासणी केली तर कान खरंच उत्तम निघाले. वीस वर्षं कर्ण्याशेजारी बसलेल्या माणसाचे कान शाळकरी पोरासारखे!

माझा विश्वास बसेना. म्हणून सर्वांत वरच्या पट्टीचा सूर पुन्हा लावला. दोनदा दिला, दोनदा दिवा लागला. तिसऱ्यांदा बटण दाबणार तोच शेजारचा फोन वाजला आणि माझा हात हवेतच राहिला. सूर गेलाच नाही. दिवा मात्र लागला.

मी ताडकन दार उघडून आत गेले. "तुम्ही मला फसवताय."

मला वाटलं होतं, माणूस ओशाळेल. तर हे माझ्याकडेच कुतूहलानं बघत बसलेले. "तुम्हाला वाजवायला कुणी शिकवलं?"

"मी काही वाजवत नाही."

"तुमचा डावा खांदा हलतो. तीन, दोन, दोन. तीन, दोन, दोन. सातांचं काहीतरी आहे. सूर ऐकायची गरजच काय?"

माझा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला. माझे वडील कोल्हापुरात बँकेत कारकून होते आणि संध्याकाळी घरी तबल्याची शिकवणी घ्यायचे. मुलींना तबला शिकवायचा नाही हा त्यांचाच नियम, त्यामुळे मी आतल्या खोलीत भाजी निवडत ऐकायचे. रूपक ताल, सात मात्रा, तीन-दोन-दोन. पेशंटला अंदाज येऊ नये म्हणून सूर कसेही, वेडेवाकडे द्यायचे, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. आणि मी इतकी वर्षं ओहायोतल्या म्हाताऱ्यांना रूपक वाजवून दाखवत होते! आपलंच नाणं खोटं, कुणाला बोलणार?

मी त्यांना सांगितलं, ह्या तालात पहिली मात्रा रिकामी धरतात. ते खुर्चीत पुढे सरकले. "रिकामी? आमच्याकडे सगळा भार पहिल्यावर. पहिला सुटला तर नाचणारा पडेल. तुमच्या माणसांना ती सापडते कशी?"

"सगळे वाट बघत असतात ना तिची," मी म्हटलं.

मग मी त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि मनाविरुद्ध अडखळत अडखळत पुन्हा सूर दिले. ह्या वेळी खरं ते कळलं. खालचे सूर ठीक, पण वर जाताना आलेख सरळ खाली घसरला. वरचं ऐकू येत नाही, म्हणून ते वरचे आवाज वाढवत होते, आणि लोकांना टोचत होतं. मी कागदावर खरं ते लिहिलं. माझी सही होती, दुसरं काय लिहिणार? पण वाईट वाटलं, आणि तसं त्यांना सांगितलं. त्यांनी आलेख स्वतःकडे ओढून घेतला. मग विचारलं, "नेमकं काय काय गेलंय?" मी सांगितलं: बारीक पाखरं, 'स'ची शीळ, झांजेची कड. ते मान हलवत होते, अगदी दुसऱ्या कुणाच्या कानांबद्दल ऐकत असल्यासारखे.

घरी ही हकिगत सांगताना त्यांच्या एका गाण्याचं नाव निघालं, तर माझी अकरा वर्षांची लेक किंचाळलीच. "आई! दॅट्स द स्केटिंग साँग! तू त्यांना भेटलीस?"

आठवड्यानं त्यांचा फोन आला. त्यांनी तोच कागद कंपनीपुढे ठेवला होता आणि अट घातली होती, तबकडी मी करतो, वरच्या आवाजांपुरते कान दुसऱ्याचे घेतो. कंपनी एका तबकडीपुरती कबूल झाली होती. कान माझे हवे होते.

"अहो, तुमच्याकडे तंत्रज्ञ आहेत की!"

"ते माझा चेहरा बघून छान म्हणतात. तुम्ही म्हणाला नाहीत."

चार शनिवार मी त्यांच्या स्टुडिओत गेले. लेक कोपऱ्यात गृहपाठ करायची, म्हणजे करत नव्हती. झांज टोचली की मी बोट वर करायचं, ते एक खटका खाली ओढायचे. बोट खाली आलं की थांबायचे. आता यंत्रापाशी ते आणि दिवा मी. मध्येच ते एखाद्या ओळीनंतर सगळी वाद्यं बंद करत आणि ती शांतता मला पुन्हा पुन्हा ऐकवत. "इथे तुमच्यासारखं रिकामं ठेवलंय," म्हणत. मला त्यातलं फार कळत नसे, पण पायाला कळत असे. घरी वरण ढवळताना डावाचा ठेका पडू लागला आणि नवरा म्हणाला, "अगं, तू ऑडिओलॉजिस्ट आहेस की बँडवाली?"

तबकडी आली. कुणाला टोचली नाही. तुफान वगैरे चालली नाही, पण एक उन्हाळाभर स्केटिंगच्या हॉलमध्ये वाजली, आणि लेकीनं माझा हात धरून मला त्या गाण्यावर चाकांवर उभं केलं. पहिल्याच फेरीत मी पडले.

तीनेक वर्षांनी ते पुन्हा आले. तोच कोट, अंगात जरा सैल. एका गायिकेनं तबकडीसाठी त्यांनाच मागितलं होतं. "हो म्हणण्याआधी बघून घ्या," म्हणाले.

खुर्ची मी भिंतीकडे फिरवायला गेले, तर त्यांनी ती काचेकडेच राहू दिली. खालच्या सुरांना दिवा लागला, उशिरा लागला. मधल्यांना लागला नाही. मी आवाज वाढवला. नाही. आणखी वाढवला. ते काचेतून माझ्याकडे बघत होते. मग मी ते केलं, जे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. खांदा मोकळा सोडला आणि मुद्दाम, अगदी दिसेल असं, तीन, दोन, दोन. तीन, दोन, दोन. मनात म्हणत होते, दाबा. दाबा ना.

त्यांनी माझ्या खांद्याकडे पाहिलं. ओळखीचं हसले. आणि हातातलं बटण मांडीवर ठेवून दिलं.

दिवा लागला नाही. मी मात्र आणखी दोन आवर्तनं सूर देत राहिले.