दहाव्याच्या दिवशी लेकीचा सूर्य

बायकोच्या दहाव्याला नदीत घोटभर पाणी नव्हतं, म्हणून चेअरमन साहेबांनी टँकर धाडला. टँकरवर त्यांचाच हसरा फोटो. माणूस जिता असताना ज्यानं वळून बघितलं न्हाई, तो पुढारी दहाव्याला घाटावर अर्धा तास बोलतो, ही आमच्या बीडकडची रीत हाय. साहेबांचा सहकारी साखर कारखाना ऊस नसल्यानं बंद, त्यामुळं त्यांच्याकडं वेळ बी लई.

माझी लेक दूर एका प्रयोगशाळेत कामाला. साहेबांच्या कानात ते कुणीतरी सांगितलं. "या माउलीची कन्या जमिनीवर सूर्य तयार करतीया," साहेब म्हणाले, "उद्या तोच सूर्य आपल्या कारखान्यात बसवू."

शेजारी मेहुणा बसलेला. डोक्यावर टॉवेल ओढत म्हणाला, "वरचा कमी पडतोय का बे ह्याला?"

घरी आल्यावर लेक म्हणाली, मला आजच निघावं लागंल. सूर्याचं मशीन वापरायची तिच्या गटाची पाळी परवा होती. चुकली की वर्षभर न्हाई. माझी बहीण भडकली. "आईचं तेरावं टाकून जातीस? तिथं काय तुझी चूल पेटायची राहिलीय?"

"तसंच हाय, आत्या," लेक म्हणाली.

तिनं राहावं असं मला वाटत होतं. घर खायला उठलं होतं. म्हणून मी येळ काढायला विचारत बसलो. "सूर्याएवढा जाळ ठेवता कशात? लोखंड वितळंल की."

"भांड्याला लागूच द्यायचा न्हाई, आबा. चुंबकानं अधांतरी धरायचा. आन बाहेरून मायक्रोवेव्हचा किरण सोडून आणखी तापवायचा."

"आन लागला भांड्याला तर?"

"विझतो. भांड्याला चटका बसतो, पण जाळच मरतो."

"मग तू काय करतीस? चुंबक धरून बसतीस?"

"न्हाई. तापवायचा किरण माझा. चुंबकवाले निराळे. मी न्हाई गेले तर ते हात बांधून बसतील."

हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. आम्ही वीस हंगाम ऊस तोडला. नवरा तोडणार, बायको मोळी बांधणार, दोघं मिळून एक कोयता. एका साली ही तापानं पाचटाच्या कोपीत पडली, तर मुकादमानं मला उसाच्या फडातच घेतलं न्हाई. धडधाकट गडी आठ दिवस बांधावर बसून होतो. आता तर कायमचाच बसलोय.

राहा म्हणायचं तोंडाशी आलतं. बहिणीला म्हणालो, "तिचा कोयता अडलाय. जाऊ दे."

बहीण बी तोडणीला गेलेली. तिनं गुमान भाकरी बांधून दिल्या.

चौसाळ्याच्या स्टँडवर तिला गाडीत बसवली. लेक खिडकीतून म्हणाली, "आबा, जेवत जा."

"न्हाई जेवलो तर चेअरमन माझ्या बी दहाव्याला भाषण करतील," म्हणालो. ती हसली, मग रडली. गाडी गेली.

तरी बी तेराव्याला बहिणीनं मुद्दाम लेकीचा पाट माझ्या शेजारी रिकामा मांडला, लोकांनी बघावं म्हणून. तो रिकामा दिसू नये म्हणून मी त्यावर पाय पसरून जेवलो.