तीन पेले पाणी

“दिवसभरात या पाणी किती पितात?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“तीन पेले. मी स्वतः मोजून देतो,” मी म्हणालो. म्हणताना आवाजात थोडी ऐटच होती, हे कबूल करतो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. समोरच्या बाकावर माझी बायको कुसुम कलंडून पडली होती. अंगात ताप, ओठ फुटलेले, सकाळपासून बोलणं असंबद्ध.

“काका, तुम्ही यांना वाळवलंत,” बाई म्हणाल्या. “डिहायड्रेशन झालंय, म्हणजे अंगातलं पाणी आटलंय. त्यात यूरिन इन्फेक्शन, लघवीच्या मार्गात जंतू. या वयात असं झालं की माणूस भ्रमात जातो. आत्ताच दाखल करा. मूत्रपिंडांचं काय झालंय ते रक्त तपासल्यावर कळेल.”

हे सगळं लिहितोय, कारण तुमच्यापैकी काहींच्या घरी हाच प्रकार चालू असेल आणि तुम्हीही माझ्याइतकेच शहाणे असाल.

मी तळोज्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो. कोण किती वाजता आत आला, किती मिनिटं उशिरा आला, हे टिपण्यात सव्वीस वर्षं गेली. निवृत्त झालो तेव्हा हुकूम सोडायला घरात एकच माणूस उरलं होतं.

पनवेलच्या चाळीत आमची खोली पहिली आणि संडास गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये सात दारं, आणि प्रत्येक दारात कुणीतरी बसलेलं. कुसुमला घाई लागली की तिथवर पोहोचेपर्यंत धीर निघत नसे. वर्षभर तिने हे मला सांगितलं नाही. मला दिसत होतं ते एवढंच, की ही तळ्यावर फिरायला येत नाही आणि लेकीकडे कळंबोलीला जायचं म्हटलं की डोकं धरून बसते. आळस, दुसरं काय, असं मी ठरवून टाकलं.

मग एका दुपारी गादी ओली सापडली. ती रडली. मी उपाय काढला. पाणीच कमी केलं की प्रश्न मिटला! सकाळी एक पेला, दुपारी एक, संध्याकाळी एक. वैशाखातले दिवस होते. तिने हूं की चूं केलं नाही.

रक्ताचा रिपोर्ट दुपारी आला. क्रिएटिनिन वाढलेलं होतं. मूत्रपिंडं रक्त नीट गाळताहेत की नाही, हे त्या आकड्यावरून कळतं. “सलाइन लावलंय. दोन दिवस बघू,” बाई म्हणाल्या. “उतरलं नाही तर मुंबईला हलवावं लागेल.”

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून लेकीच्या शेजाऱ्यांकडे फोन केला. काय झालं, असं लेकीने विचारलं तेव्हा ‘ताप’ एवढंच सांगितलं. खरं सांगायला जीभ रेटेना.

कुसुमला लघवीची नळी घातली होती. खाली पिशवी लटकत होती आणि दर तासाला किती भरली ते नर्स लिहून ठेवत होत्या. मी बाकावर बसून त्या पिशवीकडे बघत होतो. ज्या थेंबांनी कालपरवापर्यंत माझं डोकं फिरत होतं, त्यांचीच आता वाट बघत होतो. पिशवी भरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले.

“साहेब, गादी ओली झाली तर आमच्या यांना सांगू नका.”

मी म्हणालो, “अगं, मीच आहे.”

तिला ते पोचलंच नाही. “नाही सांगणार ना? त्यांना कळलं तर पाणी तोडतील.”

मी उठून बाहेर गेलो. जिन्यात उभा राहून रडलो. चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई मला घाबरून तहानलेली राहिली, आणि मला वाटत होतं की आपण घर चोख चालवतोय.

तिसऱ्या दिवशी सकाळी क्रिएटिनिन उतरलं. दुपारपर्यंत तापही उतरला. कुसुमने मला नीट ओळखलं आणि विचारलं, “चहा घेतलात का?” मी नुसती मान हलवली. भ्रमात ती काय बोलली, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

नळी काढल्यावर पुन्हा गादी ओली झाली. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. तिथल्या आया हिराबाई उलव्याच्या. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बाबा, लांब उभं राहून काय व्हनार? इकडं या, आमी दावतो. पोरांची दुपटी कदी बदलली नाय ना? मंग आता शिका. लाजायचं काय हाय त्यात?” मी शिकलो. कोमट पाण्याने पुसायचं, अंग कोरडं करायचं, वर खोबरेल तेलाचा हात. जुन्या सुती साडीच्या घड्या, खाली मेणकापड. मोठ्या माणसांचे डायपर तेव्हा मुंबईला मिळायचे म्हणे, आमच्या औषधवाल्याने ते बघितलेही नव्हते.

घरी सोडताना बाईंनी समजावलं. “हा अर्ज इन्कॉन्टिनन्स. म्हणजे पोटातली लघवीची पिशवी पुरती भरायच्या आधीच घाई करते. पाणी तोडलं की लघवी कडक होते आणि पिशवी आणखी चिडते. ब्लॅडर ट्रेनिंग करा. घाई लागायची वाट बघू नका, घड्याळ बघून जायचं. आधी दर तासाला, मग हळूहळू वेळ वाढवायची. चहा कमी, पाणी भरपूर, फक्त झोपायच्या आधी दोन तास बेताने.”

घड्याळ बघणं मला शिकवायला नको होतं. वही घातली. वेळ, पाणी किती, कोरडं की ओलं. सुताराकडून जुन्या खुर्चीला मधे भोक पाडून घेतलं, खाली बादली, आणि ती मोरीत पडद्याआड ठेवली. सात दारांचा प्रवास संपला. परकराच्या नाडीची घाईत गाठ बसायची, म्हणून तिथे इलॅस्टिक घातलं. बादली मी धुतो. पहिल्या दिवशी गॅलरीतून नेताना सातही दारं माझ्याकडे बघत होती. चौथ्या दिवशी कुणी मान वर केली नाही.

वहीत ‘ओलं’ हा शब्द अजूनही अधूनमधून येतो. पण दिवाळीनंतर कुसुम कळंबोलीला लेकीकडे जाऊन आली. निघायच्या आधी एकदा, पोहोचल्यावर एकदा. पिशवीत जादा परकर होता, तो तसाच परत आला.

गेल्या महिन्यात मात्र माझ्याच लेंग्यावर लघवीचे डाग दिसू लागले. आठ दिवस मी तो पहाटे उठून गुपचूप धुतला. होय, मीच, इतकं सगळं झाल्यावर! नवव्या दिवशी भाजी निवडत बसलेल्या कुसुमच्या समोर बसलो आणि सांगून टाकलं.

तिने भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, “तुमचं पाणी तोडू?”

तिने हात पुसले, वही ओढली, नवीन पानावर रेघ मारली. वर माझं नाव घातलं नाही, ‘हे’ एवढंच लिहिलं. “उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ,” म्हणाली, आणि काठोकाठ भरलेला पेला माझ्यापुढे सरकवला.