खोकल्यावरून ओळखलेली पोर

घरात माणसं किती, असं परक्यानं विचारलं तर तुम्ही सगळी मोजून सांगता का? आम्ही सांगत नव्हतो.

कोयनेच्या भूकंपाला तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. आमचं गाव कऱ्हाडजवळचं, उसाचं. वडील पलटणीतून पेन्शनीत आलेले. मी सांगलीला कॉलेजात, आणि सुट्टीत समतेची पत्रकं वाटत गावोगाव हिंडायचो. थोरल्या बहिणीला विट्याचं स्थळ आलं होतं. मुलाचं परमुलखात सोनं गाळायचं दुकान. धाकटी बहीण सात वर्षांची. तिला बसता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. सोयरीक मोडू नये म्हणून पाहुणा आला की तिला मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवत. दार ओढून घ्यायचं काम माझं. पत्रकं वाटणाऱ्या हातांनीच मी ते करत होतो.

सोयरीक ठरण्याआधी मुलाकडचे गुपचूप माणसं पाठवून घराची चौकशी करतात. म्हणून एका दुपारी अनोळखी नवरा-बायको ओट्यावर येऊन टेकले, तेव्हा आम्ही सगळे सावध झालो. ते कवठे महांकाळकडून दोन एस.टी. बदलून आले होते. वाटेत विटा लागतं. आम्हाला एवढं पुरलं.

बाई म्हणाली, सांगलीच्या दवाखान्यात तिनं माझ्या आईला धाकटीसकट पाहिलं होतं, गावही विचारून घेतलं होतं. तिचाही मुलगा तसाच आहे. आईनं सरळ खोटं सांगितलं, मी सांगली पाहिलेलीच नाही. वडिलांनी दोनदा विचारलं, कुणी पाठवलं? मी त्या माणसाच्या पिशवीकडे बघत होतो. परक्याच्या पोरासाठी एवढ्या लांबून कोण येतं?

थोरली आत धाकटीला जेवू घालत होती. जोराचा ठसका लागला. रोज लागायचा, आम्हाला सवय होती. बाई मात्र बोलता बोलता थांबली.

"आवं, उताणी निजवून भरवताय व्हय तिला?"

वडील म्हणाले, "ती शेजारची हाय."

"मग शेजारची पोर तुमच्या घरात गुदमरतिया. उठा की."

कुणी हललं नाही. बाईचा आवाज खाली आला. "माझं लेकरू असंच दोनदा हातात गार पडलंय."

ती आत निघाली तसा मी मागच्या खोलीच्या दारात आडवा झालो. आईनं मला बाजूला सारलं.

बाई भिंतीला टेकून बसली. धाकटीला मांडीवर ताठ धरलं, मान किंचित पुढे झुकवली. पातळ दुधात भाकरी कुस्करून घट्ट काला केला आणि सुपारीएवढा घास दिला. गिळेपर्यंत दुसरा दिला नाही. अर्धी भाकरी गेली तरी ठसका नाही. मग तिनं आईला शेजारी बसवून तिच्याकडून भरवून घेतलं. चुकलं की आईचं मनगट धरायची.

तरीही माझा संशय गेला नाही. त्यांना एस.टी.पर्यंत सोडताना मी त्या माणसाला विचारलंच, आता विट्यात काय सांगणार?

तो हसला. "विट्यात आमचं कोन हाय रं? अजून अशी दोन घरं गाठायची हायत, गड्या. गेल्या खेपेला त्यातल्या एकानं कुत्रं सोडलं हुतं आमच्यावर."

मी त्याची पिशवी उचलून एस.टी.त ठेवली.

महिन्याभरानं विट्याचे लोक आले. आई धाकटीला मांडीवर घेऊन त्यांच्यासमोर, ओट्यावरच भरवत बसली. ती सोयरीक मोडली. थोरली दोन दिवस आईशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी धाकटीला भरवायला स्वतः बसली. आई आता त्या बाईबरोबर परक्या घरांच्या ओट्यांवर जाते, आणि तिलाही तोच प्रश्न येतो: कुणी पाठवलं?

तुमच्या गल्लीतही असं एक घर आहे आणि ते तुम्हाला माहीत आहे. उद्या जेवणवेळेला तिथं जा. पत्रक नेऊ नका. ते तुमच्यावर संशय घेतील, घेऊ द्या. पोर उताणी जेवत असेल तर आधी तिला बसती करा.