दिगाचे प्रेक्षक

“भावोजी, तळेऱ्यासून माघारी फिरतव...” एवढंच बोलून वयनीने, दिगाच्या बायकोने, फोन ठेवला. दिगाला लेप्टोच्या तापात कोल्हापूरला नेत होते, तळेरं वाटेवरचं. पुढे जायची गरज उरली नाही, हे कळायला मला ऑफिसातल्या खुर्चीवर मिनिटभर लागलं. आदल्याच दिवशी मी त्याच्या उशाशी बसलो होतो. डोळे पिवळे झालेले, तरी म्हणाला, “बीए, फिल्मीतलो तो तुझो आवाज काढून टाक.” मी हो म्हटलं. त्याला आता महिना होऊन गेला.

दिगा, म्हणजे माझा मित्र दिगंबर, मालवण बंदरात होड्यांवर नावं रंगवायचा. शाळा नववीत सुटलेली. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, म्हणून त्याच्यासाठी कायमचा ‘बीए’. त्यात टोमणा होता, पण मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू. एकदा सकाळी आम्ही टपरीवर चहा घेत होतो. टीव्हीवर कुठल्याशा शहरावर बॉम्ब पडत होते, खाली स्कोअरसारखे आकडे धावत होते. बाकावरचा एकजण भजी चावत म्हणाला, “आवाज वाढय रे, ऐकाक येणा नाय.” दिगाने अर्धा चहा तसाच ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तो करवंट्या गोळा करायला लागला.

त्या करवंट्यांची त्याने माणसं केली. तोंडं मेणाची, काढता-घालता येतील अशी. करवंटी केसभर हलवायची, मोबाइलवर फोटो काढायचा, परत हलवायची... सात मिनिटांच्या फिल्मला दीड वर्ष गेलं. गोष्ट एवढीशी. किनाऱ्यावर माणसं चटया टाकून खाजं खात बसलीत आणि समुद्रापलीकडे युद्ध चाललंय. प्रत्येक स्फोटाला टाळ्या. युद्ध जवळ येतं, पुढची रांग जळून जाते, तर मागची माणसं उठून त्या मोकळ्या जागेत सरकतात. तिथून चांगलं दिसतं ना. शेवटी नुसत्या चटया उरतात.

त्याला फिल्म मुकी हवी होती. “आवाज दिलो काय लोक ऐकतले, बगूचे नाय,” म्हणायचा. मी ऐकलं नाही. मी टेनिसबॉल स्पर्धांचं समालोचन करतो, शुद्ध मराठीत, आणि त्याचा मला अभिमान आहे. युद्धाचं वर्णन सामन्यासारखं केलं तर लोकांना स्वतःची लाज वाटेल, असं मी त्याला पटवलं. शिकलेल्या माणसाची अक्कल! “तू शिकलेलो. तुका जास्त समाजता,” म्हणून त्याने मला आवाज घालू दिला.

शाळेच्या हॉलमध्ये पडदे ओढून फिल्म दाखवली. “पहिली फळी तंबूत, मागचे खेळाडू मैदानात!” हे माझं वाक्य आलं आणि हॉलने शिट्ट्या मारल्या. “परत लाव रे, जळतत तो भाग परत लाव!” हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दिगा बाहेर नळाजवळ बसला होता. मी गेलो तर वर न बघता म्हणाला, “बीए, तू पण हसलस.”

नंतर ती फिल्म फोनाफोनांतून मिठबावपर्यंत गेली. आवाज काढायला मला अर्धा तास पुरला असता. पण रस्त्यात लोक थांबवून मला माझीच वाक्यं म्हणून दाखवायचे, त्यामुळे मी काढला नाही... तो गेल्यावर काढला. पण तो माझ्या एकट्याच्या फोनात. तेराव्याला त्याच्याच अंगणात, पंगतीत कोणीतरी मोबाइल लावला आणि माझा आवाज खणखणीत वाजला. वयनी भात वाढता वाढता थांबली. “भावोजी, ह्यो आवाज काढूचो होतो मा?”

गेल्या रविवारी तिने खोली आवरायला बोलावलं. करवंट्या फळीवर रांगेने तशाच बसल्यात. मागच्या रांगेत एकीला तारेचा चष्मा आहे, माझ्यासारखा डावीकडे कललेला. फिल्म मी शंभरदा पाहिली असेन, पण हा मला कधी दिसला नव्हता. तोंड उघडं, हसणारं. निदान ते तरी मिटावं म्हणून मी मेण नखाने काढायला गेलो. निघेना. उजेडात धरून पाहिलं, तर मेण नव्हतंच. बाकी सगळ्यांची तोंडं बदलता येतात. माझं त्याने करवंटीतच कोरलं होतं.