काटेमामा

मामा बोलायचे मोठ्यानं, पण ट्रक चालवायचे अगदी सावकाश. कागल रस्त्याला त्यांच्या मागं अडकलेली वाहनं हॉर्न वाजवून दमायची. "पुढच्या गाडीत आन् माझ्यात आख्खी म्हस आडवी बसली पायजे, एवढं अंतर ठेवतो मी," असं ते अभिमानानं सांगायचे. त्या अंतराचं खरं कारण मला नंतर कळलं.

माझं वाहनांच्या वायरिंगचं दुकान त्याच रस्त्याला आहे. वडिलांमागं मीच चालवते. बाईमाणूस हातात टेस्टर घेऊन बोनेटमध्ये वाकलेलं बघून गिऱ्हाईक आधी बिचकतं. मामा बिचकले नाहीत. पहिल्याच दिवशी ट्रक लावून म्हणाले, "पोरी, ह्ये दिवं काढ आन् काटं बसव."

ट्रक मालकाचा, जुना. फौंड्रीतलं कास्टिंग एमआयडीसीत पोचवायचा. ऑइल, पाणी आणि बॅटरी यांसाठी डॅशबोर्डवर नुसते लाल दिवे होते. नुसता दिवा काढून मीटरचा काटा बसत नाही. दिव्याला 'आहे' किंवा 'नाही' एवढंच कळतं, काट्याला 'किती' ते लागतं. त्यासाठी इंजिनातला स्विचही बदलावा लागतो. हे सांगून मी विचारलं, "दिवे चालू हाइत की मामा, मग कशाला?"

"दिवा बोंबलतोय तवर इंजिन गेलेलं असतंय. काटा आदी सांगतोय."

मला पटलं. काढण्याआधी वायर तपासायची म्हणून भर दुपारी मी ऑइलचा दिवा लावला आणि खालून ओरडले, "लागला का मामा?"

"न्हाय."

मी वर येऊन बघितलं. दिवा लागला होता. मामा त्याच्याकडंच बघत होते. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

"मला लाल रंग काळपट दिसतोय गं. उन्हात दिवा लागला का इझला, समजत न्हाय. मागं ऑइलचा दिवा दिसला न्हाय, इंजिन जाम झालं. मालकाला म्हटलं, बल्ब गेलता. तू कुणाला बोलू नगंस."

"आन् सिग्नल?"

"वरचा लागला की थांबायचं. पुढच्या गाडीचं ब्रेकचं दिवं दिसत न्हाईत, म्हणून तर ती म्हशीएवढी जागा."

मी कुणाला बोलले नाही. गाडी सोडा, असंही बोलले नाही. तीन काटे बसवून दिले. तेव्हापासून सगळे त्यांना काटेमामा म्हणू लागले.

जाता येता ते दुकानासमोर थांबायचे आणि खिडकीतूनच सांगायचे, "ऑइल झ्याक, पाणी झ्याक, ब्याटरी झ्याक. तू कशी हाइस?" मी नुसता हात हलवायची.

मग एका कारखान्यानं आत येणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांची डोळेतपासणी सक्तीची केली. तिथं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवतात, ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचा असतो. मामा म्हणाले, "तेवढं पाठ करून घे माझ्याकडनं." मी मोबाइलवर ती पानं शोधली. चार दुपारी आम्ही बसलो. कडेच्या ठिपक्यांवरून ते पान ओळखायला शिकले. हे चुकतंय, एवढं मला समजत होतं. तरी मी पुढचं पान दाखवत राहिले.

तपासणीहून ते थेट दुकानात आले.

"तिसऱ्या पानावर सांगून टाकलं, दिसत न्हाय म्हणून."

"का? सगळं पाठ होतं की."

"व्हय. पर ती डॉक्टरीण म्हणाली, सावकाश बघा काका, गडबड न्हाय. लई चांगलं बोलली. मग खोटं बोलवंना."

दुसऱ्या दिवशी तो ट्रक घेऊन वेगळाच ड्रायव्हर आला. कुठला काटा कशाचा, ते मी त्याला दाखवलं. मग पुढच्या गाडीकडं गेले.

मामा परत कधी आले नाहीत. मीही गेले नाही. गेल्या थंडीत ते वारल्याचं त्या ड्रायव्हरकडूनच कळलं, आठवडाभरानं. मी शिवाजी पेठेत त्यांच्या घरी गेले. मामींना मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

"तेंनी गाडी का सोडली गं? इचारलं की नुसतं बघत बसायचं. तुझ्याकडं येत हुतं म्हणं. तुला ठावं असंल."

"कंटाळले होते, मामी," मी म्हणाले.

"व्हय. मलाबी तसंच वाटलं."

त्यांनी आतून चहा आणला. तो मी उभ्या उभ्या पिऊन टाकला. जीभ भाजली होती, ते दुकानात परत आल्यावर कळलं.